उजव्या बैलाचे गोंडे

अन्सारभाई एरवी दारात जोडे कसेही भिरकावून आत यायचे. त्या शुक्रवारी मात्र जुम्म्याची नमाज आटोपून आले, तर उंबऱ्याबाहेर भिंतीशी टाचेला टाच लावून जोडे नीट ठेवले आणि मगच आत पाऊल टाकलं. अनिसाने शिलाई मशीनवरून ते पाहिलं आणि मशीनचं चाक हाताने थांबवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, जोड्यांवरून घरातली हवा ओळखायला ती शिकली होती. अन्सारभाई नीटनेटके वागायला लागले की समजायचं, आज काहीतरी मागायला आले आहेत.

मागण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे सगळे बसले होते ती खोली. शेलूबाजारच्या हमरस्त्यावर, जीप उभ्या राहतात त्याच्या बरोबर समोर. दहा बाय चौदाची, वर टिनं, एका भिंतीला बाबामियाँनी ठोकलेल्या खिळ्यांची रांग. घरात तिला कारखाना म्हणत. बाबामियाँ, म्हणजे अन्सारभाई आणि अनिसाचा नवरा तनवीर यांचे वडील, चाळीस वर्षं इथे बसून बैलांचा साज करायचे. पोळ्याच्या आधी दोन महिने इंझोरीपासून आसेगावपर्यंतचे शेतकरी या दारात उभे असत. कपाळावरची माथोटी, गळ्यातली कवड्यांची माळ, लाल-हिरवे गोंडे, सगळं याच खोलीतून जायचं. मग बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरलाही पोळ्याला कुणी कुणी गोंडा बांधतं, पण एकच बांधतं, जोडी लागत नाही. बाबामियाँ दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा खोलीत पितळी फुल्यांचे अकरा डबे, गोट्याची, म्हणजे जरीच्या पट्टीची, रिळं आणि त्यांची बायको अमीनाबी एवढंच उरलं होतं.

त्या फुल्यांमध्ये अनिसाला कमरपट्टे दिसले. आधी तिने स्वतःसाठी एक केसांचा पट्टा केला, मग अन्सारभाईंच्या मुलीसाठी, जोयासाठी, गळ्यातली पट्टी. जोया वाशीमच्या कॉलेजात ती घालून गेली आणि चार मुलींच्या मागण्या घेऊन आली. रिबीन, लेस, गोटा आणि त्यावर बैलाच्या साजाच्या फुल्या. जोया त्यांना स्टड म्हणायची, अमीनाबी फुल्याच म्हणायच्या, आणि दोघी एकाच डब्यात हात घालायच्या.

पंधरा दिवसांपूर्वी अन्सारभाईंनी विषय काढला होता. त्यांचा मुलगा शहबाज मोबाइल दुरुस्तीचं शिकून आला होता आणि पुण्याला जायच्या गोष्टी करत होता. त्याला इथे दुकान टाकून दिलं तर पोरगा डोळ्यांपुढे राहील, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. अनिसा जेठाशी कधी सरळ बोलायची नाही. डोक्यावर ओढणी पुढे ओढून ती सासूला सांगायची आणि सासू दोन हातांवर बसलेल्या लेकाला सांगायची. त्या दिवशीही तसंच झालं.

"अम्मी, भाईजानले सांगा," ती म्हणाली होती, "अकोल्याची अठ्ठेचाळीस पट्ट्यांची ऑर्डर हाय. तेवढी जाऊ द्या. त्यातला एक बी पट्टा गिऱ्हाइकानं परत केला, तर खोलीची चावी मी स्वताच्या हातानं देते."

"अन् नाई केला तं?" अन्सारभाईंनी आईकडे पाहत विचारलं.

"नाई केला तं खोलीचं नाव काढाचं नाई."

"कबूल," अन्सारभाई म्हणाले. अमीनाबींना दोन्हीकडचं पोहोचवायचं काम उरलंच नाही.

ती ऑर्डर द्यायचा शुक्रवार आज उजाडला होता. पाच वाजता अकोल्याच्या रंजीताताई स्वतः गाडीने येऊन माल नेणार होत्या. नाचाच्या कार्यक्रमांना कपडे पुरवायचा त्यांचा धंदा होता. रविवारी एका कॉलेजचं गॅदरिंग, अठ्ठेचाळीस मुली, काळ्या घागऱ्यावर काळ्या मखमलीचा पट्टा.

"झाले का तुमचे पट्टे?" अन्सारभाईंनी तख्तावर बसत आईला विचारलं.

"कधीचेच!" अमीनाबींनी अभिमानाने कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. "फुल्या अनिसानं ठोकल्या, गोंडे अन् लेस सगळे माह्ये. आठ दिवस पाठ टेकली नाई मी. दाखव व, जोया."

जोयाने पेटी उघडली. आत दोन-दोन पट्टे तोंडाला तोंड लावून, मधोमध दोऱ्याने बांधलेले. बैलांचा साज नेहमी असाच जोडीने बांधून ठेवतात, म्हणजे फुल्या काळ्या पडत नाहीत. चोवीस जोड्या, सगळे गोंडे एका ओळीत लोंबणारे. काल संध्याकाळी अनिसाने पेटीत डोकावून पाहिलं होतं आणि तिला इतकं बरं वाटलं होतं की तिने दोरा सोडून पाहिलाच नाही.

अन्सारभाईंनी एक जोडी उचलली. दोरा दातांनी तोडला, दोन्ही पट्टे मांडीवर उघडून ठेवले. चार बोटं रुंद मखमली रिबीन, दोन्ही काठांना गोटा, मधून शंकरपाळ्याच्या आकारात फुल्या, खाली घुंगरांची लेस. कमरेच्या एका बाजूला, मागे मुडपायच्या चार पायांचं मोठं पितळी फूल आणि त्याच्या कडीतून लोंबणारा लाल गोंडा. सुबक काम होतं. ते क्षणभर बघत राहिले, आणि मग हसायला लागले. कुचकट नव्हतं ते हसणं, अनिसाला नंतर आठवलं. माणसाला घरचं जुनं काहीतरी अचानक दिसावं तसं होतं.

"अम्मी," ते म्हणाले, "हा डाव्या बैलाचा झाला. अन् हा उजव्या बैलाचा."

 समोरच्या रस्त्यावर मंगरूळचा जीपवाला गिऱ्हाइकांना हाका मारत होता.

अनिसा मशीनवरून उठली. एक पट्टा तिने कमरेला लावला, गोंडा डाव्या बाजूला आला. दुसरा लावला, गोंडा उजव्या बाजूला. तिने दुसरी जोडी सोडली, तिसरी सोडली. प्रत्येक जोडीत एक डावा, एक उजवा. तोंडाला तोंड लावल्यावर गोंडे एका ओळीत यायचे ते त्यामुळेच. सगळे सारखे असते, तर बांधल्यावर एकाचा गोंडा इकडे आणि दुसऱ्याचा तिकडे गेला असता.

अमीनाबी उठून जवळ आल्या. त्यांनी पट्टे हातात घेतले, पुन्हा खाली ठेवले.

"माह्या हातानं झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गोंडा भायेरच्या अंगाले पाह्यजे ना. आतल्या अंगाले असला तं दुसऱ्या बैलाच्या गळ्यात गुततो. चाळीस वर्सं तसंच केलं. मी एक करते, मंग आपोआप त्याचा जोडीदार करते. या पोट्ट्यायले जोडीदार कुठून असन, हे ध्यानातच नाई आलं."

खरं सांगायचं तर अनिसाला त्या क्षणी सासूचा राग आला, चांगला सणसणीत राग. पंधरा दिवस डोळे फोडून तिने फुल्या ठोकल्या होत्या. नमुन्याचा पट्टा समोरच्या खिळ्याला टांगलेला होता आणि म्हातारीने एकदा वर मान करून पाहायचं होतं, एवढंच. पण अमीनाबींच्या हाताला सुतळीने पडलेले चरे तिला दिसत होते. शिवाय जोडी न सोडता पेटीचं झाकण लावणारी बाई कोण होती, हेही तिला ठाऊक होतं. तिने राग गिळला.

"त्यात काय झालं?" जोया घाईघाईने म्हणाली. "चाची, डिझाइनच हाय म्हणून सांगू. अर्ध्या पोरी डाव्या, अर्ध्या उजव्या. फोटोत तं भारीच दिसन."

"नाचात उजव्या हातात टिपऱ्या हायेत," अनिसा म्हणाली. "ताईनं दोनदा बजावलं होतं, उजव्या बाजूले काईच नको. टिपरी गोंड्यात गुतली तं स्टेजवर पोरगी पडन."

"मंग गोंडा काढून इकडे लावू," तनवीर म्हणाला. अनिसाचा नवरा नेहमीप्रमाणे मधोमध बसला होता, म्हणजे कुणाच्याच बाजूला नाही.

"फुलासगट काढा लागन. चार पायाचं हाय ते. मखमलीले चार भोकं राह्यतीन. नवी मखमल इथं भेटत नाई. अकोल्यालेच भेटते."

"मंग आता?"

 सगळ्यांच्या नजरा तिच्या कमरेला खोचलेल्या चावीकडे गेल्या, आणि जाऊन लगेच परतल्या. अन्सारभाईंनी घड्याळात पाहिलं. सव्वादोन झाले होते.

"जाऊ दे अनिसा," तनवीर हलक्या आवाजात म्हणाला. "चोवीस तं बरोबर हायेत. तेवढे दे. फोन करून माफी माग. खोलीचं काय, घरातच बसून करशीन तू."

घरात आत एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात चार माणसं. तिथे मशीन कुठे ठेवायचं, फुल्यांचे डबे कुठे, हे तनवीरलाही माहीत होतं. त्याच्या बोलण्यात तिची काळजी होती, आणि भावासमोर लवकर सुटायची घाईही होती. अकरा वर्षं ती अशा वेळी आत चहा ठेवायला जात आली होती. आज ती जागची हलली नाही.

तिने खिळ्यांच्या रांगेकडे पाहिलं. शेवटच्या खिळ्यावर काहीच नव्हतं, फक्त पक्कड टांगून टांगून भिंतीवर पडलेला तिच्या आकाराचा डाग होता. बाबामियाँची छोटी पक्कड. ती कुठे आहे हे घरात कधी कुणी विचारलं नव्हतं.

अनिसाने ओढणी सारखी केली, आणि सासूकडे न वळता थेट जेठाकडे पाहिलं.

"भाईजान."

अमीनाबी पोहोचवायला तयारच होत्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"भाईजान, जोडीतला एक बैल मेला अन् नवा बैल दुसऱ्या अंगाचा भेटला, तं शेतकरी तीच माथोटी घेऊन याचे ना? बाबामियाँ नवी नाई करून द्याचे. अम्मीनं सांगतलं मले एकदा. मंग काय कराचे ते?"

"अम्मीलेच विचार."

"मले नाई माहीत बा," अमीनाबी म्हणाल्या. "मी गोंडे वळाची. बदलाचं काम तो अन् अन्सार करे."

"तुमी बारा वर्सं त्यायच्या बाजूले बसले होते," अनिसा म्हणाली.  "मी सून म्हून आली तवा तुमी साज सोडून जीप चालवाले गेलेले होते. मले कोनी शिकवलं नाई, मी डबे उघडून उघडून शिकली. एवढी एक गोष्ट डब्यात नाई भेटली. तुमी सांगा."

 "मी कायले सांगू?" अन्सारभाई म्हणाले. "खोली माही हून राह्यली, अन् मीच तुले ती वाचवाचा रस्ता दाखवू? शहबाजनं पुन्याले जाऊन लोकायचे मोबाइल धुवाचे काय?"

"शहबाजचं तुमचं म्हननं खरं हाय. मी कधी खोटं म्हतलं? चावी लागली तं देईन, शब्द देला हाय. पन काम अर्धं टाकून नाई देणार. माल बिघडला म्हून गेली तं गेली. हात असून बसून राह्यलो म्हून जाऊ नये."

जोयाने बापाकडे पाहिलं. अन्सारभाईंनी मांडीवरचा उजव्या बैलाचा पट्टा उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. अंगठा त्या मोठ्या फुलावरून फिरला आणि मागे जाऊन मुडपलेले पाय चाचपून आला. मग, कुणाला सांगायचं म्हणून नाही, त्यांच्या हातांनीच पट्टा फिरवला. वरचा काठ खाली, खालचा काठ वर. उजवीकडचं फूल डावीकडे आलं.

फक्त गोंडा आणि लेस आता वरच्या काठाला उलट्या पडल्या होत्या.

अनिसाच्या आधी जोयाला कळलं. "फक्त लेस अन् गोंडाच हलवाचा! फुल्या तं जशाच्या तशा!"

"शंकरपाया हाय म्हून बरं," अन्सारभाई पुटपुटले. "कैरीची नक्षी केली असती तं उलटी दिसली असती." मग आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पट्टा तख्तावर टाकला. पण टाकून उपयोग नव्हता. अनिसाने ब्लेड काढलंसुद्धा होतं.

काम लागलं की घरात आपोआप जागा ठरतात. बरोबरचे पट्टे तख्तावर, उलटवायचे खाली सतरंजीवर. जोया ब्लेडने लेस उसवायला बसली, तनवीर दोऱ्याचे तुकडे वेचायला, अमीनाबी गोंडे सोडायला. उसवलेला पट्टा मशीनवर अनिसाकडे यायचा, ती दुसऱ्या काठाला लेस मारायची. सगळं अडायचं ते कडीपाशी. गोंड्याची कडी फुलाच्या एका पायात अडकवलेली होती. तो एक पाय थोडा उचलून, कडी काढून, समोरच्या काठाकडच्या पायात घालून पुन्हा मुडपायचा. अनिसाची पक्कड जाड होती. पहिल्याच पट्ट्याला पाय उचलताना मखमलीला ओरखडा पडला. दुसऱ्याला पाय तुटता तुटता राहिला.

अन्सारभाई दारात उभे होते. जायला निघालेले, पण जोडे घातलेले नाहीत. त्यांनी तो आवाज ऐकला.

"तोडशीन!" ते खेकसले. "जोया, जीपच्या डिक्कीत हिरवी थैली हाय. त्यातली छोटी पक्कड आन."

जोया धावत गेली आणि आली. टोकं निमुळती झालेली, मुठीला चामडं गुंडाळलेली पक्कड. अमीनाबींनी ती लांबूनच ओळखली आणि ओढणीचा पदर तोंडाला लावला. बारा वर्षं ती जीपच्या स्क्रूंना लागत होती, आणि आज कळलं की तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. कुणीतरी तिला तेल देत होतं.

"सरक," अन्सारभाई तनवीरला म्हणाले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

पुढचा वेळ कसा गेला हे अनिसाला सांगता आलं नसतं. अन्सारभाई पक्कड धरायचे आणि पाय जराही न कुरकुरता उठायचा, कडी सुटायची, समोरच्या पायात जायची, पाय बसायचा. एका पट्ट्याला मिनिटभर. मग ते तिच्या टाक्यांवरही बोलायला लागले.

"लेस ताणू नको, घुंगरू वाकडे बसते."

"हाओ."

"रिबिनीखाली बक्रम कोन्तं लावलं?"

"पातळच लावलं, भाईजान."

"जाड लाव पुढच्या खेपेले." पुढच्या खेपेचं बोलून गेल्यावर त्यांनी घाईने पुढचा पट्टा ओढला. अनिसाने मान वर केली नाही, पण तिच्या मशीनचा वेग वाढला.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाची अजान झाली तेव्हा आठ पट्टे बाकी होते. अन्सारभाई उठले. आता हे मशिदीत जाणार आणि परत येणार नाहीत, असं सगळ्यांनाच वाटलं. त्यांनी कोपऱ्यात हातपाय धुऊन वजू केला, तख्तामागच्या मोकळ्या जागेत चटई टाकून नमाज पढले, आणि पुन्हा येऊन पक्कड उचलली. अमीनाबींनी त्यांच्यापुढे चहा सरकवला.  लेक साज सोडून गेल्यापासून त्यांच्या मनात बसलेली गाठ सुटते आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

पाचला दहा कमी असताना शेवटचा गोंडा झाला. पाचला पाच कमी असताना समृद्धी महामार्गाच्या फाट्याकडून पांढरी गाडी आली.

रंजीताताई चटपटीत बाई. चप्पल बाहेर, चष्मा डोक्यावर, थेट तख्तापाशी. त्या एकेक पट्टा कमरेला लावून पाहायच्या आणि पेटीत टाकायच्या. "छान झालेत हो. टाके किती बारीक आहेत! पाच... सहा..." अनिसा दाराच्या चौकटीला हात धरून उभी होती. वीस झाले. तीस झाले. लेसवर एका ठिकाणी बोट थांबलं आणि तिचा जीवही तिथेच थांबला. पण बोट पुढे गेलं. चाळीस. पंचेचाळीस.

सेहेचाळिसाव्याला त्या थबकल्या. कमरेला लावला, पुन्हा लावला.

"हा उजवीकडे आहे," त्या म्हणाल्या आणि पट्टा बाजूला ठेवला. "हा चालणार नाही."

उरलेले दोन बरोबर निघाले. सत्तेचाळीस पेटीत, एक बाहेर.

"सगळे तपासले होते मी!" जोयाचा आवाज चढला. "खालचे सगळे उलटवले होते." मग तिचं लक्ष तख्ताकडे गेलं, बापाकडे गेलं. "अब्बा, तुमी तख्तावरून एक उचलला होता. मी पाह्यलं. बरोबरचा उलटवला तुमी. मुद्दाम केलं!"

"जोया!" तनवीर ओरडला. तो ओरडला, हीच नवलाची गोष्ट होती.

अन्सारभाईंचा चेहरा पडला. ते पट्ट्याकडे पाहत होते. अनिसानेही पाहिलं आणि तिला कळलं. कडी नीट बसवलेली होती, पाय गुळगुळीत मुडपलेला होता. घाईत, चोरून केलेलं काम असं नसतं. वीस-बावीस वेळा त्या हातांनी जोडीतला एक उलटवला होता. मध्येच कधीतरी एक झाल्यावर, कुणालाही न विचारता, ते त्याच्या जोडीदाराकडे गेले होते, आणि घाईत तिनेही त्याला लेस मारली होती. आई आणि लेक, दोघांचे हात एकाच सवयीचे.

"मुद्दाम नाई केलं त्यायनं," अनिसा म्हणाली. "जोया, माफी माग अब्बाले."

मग तिने कमरेची चावी काढली. रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं नाही, पण लपवलंही नाही. तिने चावी अन्सारभाईंच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली.

"एक परत आला, भाईजान. शब्द होता."

 रंजीताताईंना काही उमगेना; त्या पेटीचं झाकण लावू की नको अशा उभ्या राहिल्या. रस्त्यावरून एक जीप हॉर्न देत गेली. अन्सारभाईंनी चावीकडे पाहिलं. ही चावी उचलली की शहबाज पुण्याला जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि अनिसालाही माहीत होतं. तिने डोळे मिटले.

उघडले तेव्हा अन्सारभाईंनी पट्टा उचलला होता.

"ताई," ते रंजीताताईंना म्हणाले, "च्या घेऊन जा. पंधरा मिनिटं."

"भाईजान..."

"शब्द काय होता? गिऱ्हाइकानं परत केला तं." त्यांनी पक्कड कडीला लावली. "गिऱ्हाईक अजून इथंच बसलं हाय. घेऊन गेल्यावर परत आला, तं परत आला. चल, लेस उसव. अन् जोया, तू कायले रडून राह्यली? ब्लेड दे."

जोयाने डोळे पुसत ब्लेड दिलं. अनिसा मशीनवर बसली. पहिला टाका चुकला; तो तिने काढून पुन्हा घातला. कुणी घाई केली नाही. रंजीताताई चहा पीत तख्तावर बसल्या आणि अमीनाबींना गोंडा कसा वळतात ते विचारत राहिल्या. अमीनाबी सांगत होत्या आणि सांगता सांगता लेकाच्या हातांकडे पाहत होत्या.

पंधराची वीस मिनिटं झाली. अन्सारभाईंनी पट्टा स्वतःच उलटसुलट पाहिला, गोंडा बोटांनी विंचरला, आणि उठून रंजीताताईंच्या हातात दिला. त्यांनी कमरेला लावला. गोंडा डाव्या बाजूला लोंबला.

"अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

गाडी गेली.  चावी तिथेच सतरंजीवर पडली होती. शेवटी अन्सारभाईंनी ती उचलली आणि अनिसासमोर धरली. ती घेईना, तेव्हा त्यांनी ती मशीनच्या पाटीवर ठेवली.

"शहबाजशी मी बोलीन," ते म्हणाले. "बाजाराच्या तोंडाशी एखादं दुकान पाह्यतो त्याच्यासाठी. नाईच भेटलं तं जाऊ दे त्याले पुन्याले, शिकून येईन. अन् अम्मी, पुढच्या खेपेले सगळे एकाच बैलाचे करजा."

"तू सांगाले येशीन तं करीन," अमीनाबी म्हणाल्या.

अन्सारभाई बाहेर गेले, घाईत एक जोडा घालत दुसरा पायाने ओढत रस्ता ओलांडून जीपपाशी पोहोचले. जीपमध्ये मंगरूळची माणसं कधीची बसून होती. इंजिन सुरू झालं तेव्हा जोयाचं लक्ष सतरंजीकडे गेलं आणि ती धावत दारात आली.

"अब्बा! पक्कड राह्यली तुमची!"

अन्सारभाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"राहू दे तिथंच," ते ओरडले. "खिळ्याले लाव."